आचाऱ्याचं नाक

मालवणी माणसाने बाजारातून शिळे बांगडे आणावेत, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण ते बांगडे माझ्याच ताटात पडले. पहिला घास तोंडाजवळ नेला आणि ताट सरकवून मी ओरडलो, "महाराज, हे काय वाढलंयस? माणसं मारायचीत काय?" आचारी समोरच उभा होता. त्याने तुकडा उचलून नाकाशी धरला, परत धरला आणि खाली ठेवला. "चांगलो आसा की," म्हणाला. पण आवाजात दम नव्हता.

मस्कतमधल्या बौशरला मी गॅरेजात मेकॅनिक होतो. गॅरेजच्या मागे एका बांधकाम कंपनीचा कँप होता आणि त्याच्या मेसमध्ये हा आचारी. आम्हा गॅरेजवाल्यांचं दोन वेळचं जेवण तिथेच व्हायचं. मी अलिबागकडचा, तो मालवणचा. तो मला मिस्त्री म्हणायचा, मी त्याला महाराज. भांडणं रोजची, पण ओमानमध्ये मला दुसरं माणूस नव्हतं म्हटलं तरी चालेल. हा गडी बाजारात गेला की माशाचा कल्ला उचलून, नाक लावून, विकणाऱ्याला चार शब्द सुनावल्याशिवाय पिशवी उघडत नसे. तोच असे बांगडे घेऊन येतो म्हणजे पाणी कुठेतरी मुरत होतं.

दुपारी सगळे झोपल्यावर मी त्याला सिलिंडरच्या शेडमागे गाठलं. "खरं सांग, नाहीतर मीच मेसच्या इन्चार्जला सांगतो." त्याने आधी शेडबाहेर कुणी नाही ना ते पाहिलं. मग म्हणाला, "माका वास येना, मिस्त्री. कसलोच येना. त्या तापात पडलंय ना, तेव्हापासून." मी हसलो. मला वाटलं सर्दी असेल. तो म्हणाला, "दोन महिने झाले." तेव्हा माझं हसू मावळलं.

मीठ, तिखट, आंबट, गोड एवढं त्याच्या जिभेला कळायचं. बाकी सगळं गेलं होतं. फोडणी, कोथिंबीर, ताजं, नासलेलं, त्याला सगळं एकच. तो नजरेने आणि कानाने स्वयंपाक करत होता. मोहरी तडतडायची थांबली की कांदा, कांद्याचा रंग बदलला की मसाला, तेल सुटलं की पाणी. हात सवयीचा होता म्हणून धकत होतं. पण मेसमध्ये जेवणारी माणसं काय मुकी नव्हती. आमटीत दम नाही म्हणून कुरकुर सुरू झाली होती, आणि इन्चार्जने एकदा त्याला बाजूला घेऊन बजावलंही होतं. नाक गेल्याचं कळलं असतं तर कंपनीने त्याला भांडी घासायला लावलं असतं किंवा सरळ घरी पाठवलं असतं.

पण त्याला नोकरीचंच दुःख होतं असं नाही. त्याचा बाप गावजेवणाचा आचारी, आजाही तसाच. देवळाच्या उत्सवाला यांच्याच घरातला माणूस कढईपाशी उभा राहणार, असा रिवाज. तो मला म्हणाला, "नाक नाय तर मी कोण, सांग माका." माझं नाक शाबूत होतं आणि मी स्पार्क प्लग साफ करत होतो. मला त्याची इतकी कीव आली की मी उलट त्याच्यावरच खेकसलो, "रडू नको. डॉक्टरकडे चल."

डॉक्टर म्हणाला, वासाची नस दुखावलीय, परत येईल किंवा नाही येणार. औषध असं काही नाही. रोज उग्र वासाच्या वस्तू हुंगत जा, नाकाला आठवण करून देत राहा. झालं. दुसऱ्या दिवसापासून महाराजांनी लवंग, लिंबू, निलगिरीचं तेल आणि कॉफी अशा बाटल्या ओळीने मांडल्या आणि सकाळ-संध्याकाळ पूजेला बसल्यासारखे हुंगत बसायला लागले. मी गॅरेजला जाण्याआधी मेसच्या मागच्या दाराने आत शिरायचो आणि प्रत्येक पातेल्यातलं चाखायचो. आमची खूण ठरली होती. मी मिशीवरून हात फिरवला तर ठीक, कान खाजवला तर मसाला कमी. एकदा माझा कान खरोखरच खाजत होता आणि त्या दिवशी कँपभर सगळ्यांनी डोळ्यांतून पाणी काढत रस्सा खाल्ला.

बाटल्यांनी काही होईना. मला वाटलं, लवंग आणि कॉफी त्याच्या नाकाने जन्मभर घेतलेली, त्याला त्याचं कौतुक काय? ज्या वासाची ओळखच नाही असं काहीतरी समोर आलं तर नाक दचकून जागं होईल. डॉक्टरने हे सांगितलं नव्हतं, ही माझी अक्कल. गॅरेजात एक जुनी मोटारसायकल धूळ खात पडली होती. तिचा मालक देश सोडून गेला होता. आमचा अर्बाब, म्हणजे गॅरेजचा ओमानी मालक, मला म्हणाला होता, चालू करू शकलास तर तूच फिरव. मी चालू केली. आणि दर शुक्रवारी आम्ही दोघं हेल्मेटं चढवून निघू लागलो. मागे एक स्टोव्ह, एक पातेलं, तांदळाची पिशवी. जिथे जे मिळेल ते बघायचं, विचारायचं, विकत घ्यायचं आणि एखाद्या वादीत, कोरड्या ओढ्याच्या पात्रात सावली बघून शिजवायचं.

त्या शुक्रवारांसारखे दिवस मला पुन्हा मिळाले नाहीत. किनाऱ्यावर अख्खी सुरमई काठीला खोचून निखाऱ्याजवळ भाजायची कशी, ते एका कोळ्याने शिकवलं. कागदासारखी पातळ भाकरी तव्यावर हातानेच फासतात, ती शिकताना महाराजांनी बोटं पोळून घेतली आणि मालवणीत ज्या शिव्या दिल्या त्या भाकरी करणाऱ्या बाईला कळल्या नाहीत, हे देवाचे उपकार. गहू आणि मांस रात्रभर शिजवून घोटलेली हरीस केली, तेव्हा घोटून घोटून माझे दंड भरून आले. तो शिकायचा पटकन. नुसतं बघून हात तसाच चालवायचा. चव कशी झालीय ते मात्र मी सांगायचं.

एकदा सीबच्या बाजारात वाळवलेल्या मोरीचे, म्हणजे लहान शार्क माशांचे, ढीग लागले होते. मोरी वाळली की तिचा वास असा येतो की कोकणातला माणूससुद्धा दोन पावलं मागे सरतो. मी रुमाल लावून उभा. आणि हा गडी ढिगात तोंड घालून शांतपणे श्वास घेतोय. दुकानदाराला वाटलं, काय जाणकार गिऱ्हाईक आहे! त्याने आतून खास माल काढला. महाराज मान वर करून माझ्याकडे बघून म्हणाले, "कायच नाय." परत जाताना पिशवीचा वास माझ्या शर्टाला लागला, आणि आठवडाभर गॅरेजात माझ्या शेजारी कुणी बसेना. त्याला मात्र काहीच नाही.

पण जबल अख्दरचा दिवस मला अजून टोचतो. तिथे गुलाबाचा हंगाम होता. त्या डोंगरावर फोर-व्हील गाडीशिवाय सोडत नाहीत, म्हणून मोटारसायकल खाली ठेवून आम्ही एका भाजीच्या पिकअपमधून वर गेलो. मातीच्या भट्ट्यांवर गुलाबाच्या पाकळ्या उकळून त्यांचं पाणी काढतात. ती खोली काळीकुट्ट, धुराने माखलेली, आणि आत शिरल्यावर असा वास की माझ्यासारख्या रांगड्या माणसालाही गप्प व्हायला झालं. मी डोळे मिटून उभा होतो. उघडले तर महाराज माझ्या तोंडाकडे बघत होता. हॉटेलच्या काचेबाहेरून भुकेलं पोर आतल्या जेवणाकडे बघतं ना, तसा. "कसो आसा रे?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "काही नाही, धूरच जास्त आहे."

उन्हाळा आला तशा फेऱ्या थांबल्या. इंजिनावर मांडी भाजायची. बाटल्या हुंगणंही त्याने कमी केलं. "पुरे झाला आता," म्हणायला लागला. एकदा तर म्हणाला, गणपतीला घरी जातो तो परत येत नाही, बागेत नारळ मोजत बसेन. मी म्हटलं, "बस. आणि बायको भात लागलाय म्हणून ओरडली की नारळालाच विचार." चिडला. उठून आत गेला.

त्या वर्षी बकरी ईद आली ती नेमकी श्रावणात. अर्बाबचं मूळ गाव इब्रीजवळ, डोंगराच्या पायथ्याशी खजुराच्या बागांत. तो मला म्हणाला, "या वर्षी ईदला आमच्या गावी या. तुझा तो आचारी दोस्तही येऊ दे. आमचा शुवा बघेल." शुवा म्हणजे तिथला ईदचा मोठा बेत. मांसाला मसाला चोळायचा, केळीच्या पानांत गुंडाळून खजुरीच्या झापांच्या पोत्यात बांधायचं, आणि गावाच्या एकाच मोठ्या खड्ड्यात, निखाऱ्यांवर, सगळ्या घरांची पोती एकदम टाकायची. वरून झाकण, झाकणावर ओली माती. दुसऱ्या दिवशीपर्यंत कुणी हात लावायचा नाही.

मी महाराजाला सांगितलं तर तो म्हणाला, "श्रावणात मटण? खुळावलंस काय?" मी म्हटलं, "खायला कोण सांगतंय तुला? हुंगायला चल." तो तयार झाला, पण मला आत कुठेतरी कळत होतं, ही शेवटची फेरी. इथे काही झालं नाही तर हा गणपतीला जाणार तो कायमचा.

अर्बाबला मी फोनवर आमच्या श्रावणाचं सांगितलं. तो हसला आणि म्हणाला, "मांस नका खाऊ. पण गावाच्या खड्ड्यात पाहुण्याचं पोतं पडलं नाही तर आईला आवडायचं नाही. तुमचं काय असेल ते आणा." मग आमची खलबतं सुरू झाली. मवालेहच्या भाजीबाजारातून आम्ही सुरण घेतला, कच्ची केळी घेतली, रताळी घेतली. मी म्हटलं, आमच्याकडे हिवाळ्यात मडक्यात पाला भरून, वालाच्या शेंगा आणि बटाटे घालून, भोवती जाळ करून पोपटी लावतात. बंद करून आगीत ठेवायचं, बाकी काय असतं त्यात? महाराजही म्हणाला, "सुरण दगडासारखो. एका रात्रीत त्याचा काय व्हतला?" दोन शहाण्यांचं एकमत झालं.

उजाडायच्या आत निघालो. गळ्याला ओले पंचे गुंडाळलेले, ते निझव्याला पोचेपर्यंत कडक वाळले. इब्रीच्या अलीकडे वारा असा लागत होता की कुणी भट्टीचं दार उघडून धरलंय. गावात पोचलो तेव्हा अर्बाबच्या अंगणात सगळी कामाला लागलेली. मोठ्या परातीत मांस, बाजूला लसूण, सिरका, लाल मिरची, वेलची, दालचिनी. अर्बाबची आई, हाडाने बारीक आणि आवाजाने मोठी, सगळ्यांना हुकूम सोडत होती. आचारी आलाय म्हटल्यावर तिने मसाल्याची परात उचलून थेट महाराजाच्या नाकापुढे धरली. अर्बाब हिंदीत म्हणाला, "आई विचारतेय, सिरका पुरे झाला का?"

महाराज माझ्याकडे बघायला लागला. मी मिशीवर हात नेला. पण परात त्याच्यापुढे होती, मी लांब होतो, मला तरी काय कळणार? तो एकदम म्हणाला, मोडक्या हिंदीत, "अम्मा, मेरेको वास नहीं आता. किसीका भी नहीं." अंगणातली माणसं थांबली. मी आणि डॉक्टर सोडले तर हे त्याने पहिल्यांदाच कुणाला सांगितलं होतं. अर्बाबने आईला सांगितलं. म्हातारी काही सहानुभूतीबिती दाखवायच्या फंदात पडली नाही. तिने सिरक्याची बाटली उघडून त्याच्या नाकाखाली धरली. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "वास?" अर्बाबने विचारलं. त्याने मान हलवली. "नहीं. खाली जलता है." म्हातारी म्हणाली, "इन्शाल्ला."

आता खरं सांगतो, गॅरेजात आम्ही इन्शाल्ला कधी म्हणतो? गाडी उद्या मिळेल का, इन्शाल्ला. म्हणजे मिळणार नाही. मला राग आला. पण म्हातारी त्याच्या डोक्यावर हात ठेवून ते म्हणाली, आणि महाराजाने मान खाली घातली, तेव्हा माझा राग ओसरला.

मग तिचं लक्ष आमच्या पोत्याकडे गेलं. तिने सोडून बघितलं. सुरण बघितला, केळी बघितली, आणि अर्बाबला काहीतरी म्हणाली. तो हसत म्हणाला, "आई म्हणते, भाजीचं हे पोतं लहान आहे, रात्रभर टिकणार नाही. खड्डा मध्ये उघडत नाहीत." मी म्हटलं, "सांगा त्यांना, हमारे गाँव में ऐसाच बनता है." महाराज म्हणाला, "सुरण है अम्मा. पत्थर है." तिने हात झटकले. पाहुण्यांपुढे काय बोलणार!

संध्याकाळी खड्ड्यापाशी सगळं गाव जमलं. आतले निखारे लालभडक. पोत्यांना प्रत्येकाची खूण होती, कुणी लाल चिंधी बांधलेली, कुणी तार. आमच्या पोत्याला मी गॅरेजातलं पुसायचं फडकं तारेने बांधलं. कुणीतरी यल्ला, म्हणजे चला, असं ओरडलं आणि सगळ्यांनी एकदम पोती टाकली. जाळ उसळला, झाकण बसलं, माती पडली. हे सगळं इतक्या लगबगीत की आमचं पोतं कुठे पडलं ते मला दिसलंच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणाआधी खड्डा उघडायला गेलो. बायकांनी परातींत भात काढून ठेवला होता. माणसांनी माती खरवडली, लोखंडी सळ्यांनी झाकण उचललं आणि वाफेचा असा लोट बाहेर आला की मी श्रावण, उपास, देवधर्म सगळं विसरलो. लसूण, वेलची, धूर, चरबी, एकमेकांत मिसळलेलं. सगळे "या सलाम!" म्हणून ओरडले, आपण वाहवा म्हणतो तसं. मी महाराजाकडे बघायचं टाळत होतो. गुलाबाच्या खोलीतलं तोंड मला परत बघायचं नव्हतं.

तेवढ्यात त्याने माझं मनगट असं आवळलं की मी कळवळलो. "मिस्त्री," तो म्हणाला, "करपलां."

"काय करपलं?"

"आमचां. सुरण करपलो. पानासकट."

मी हुंगलं. मला मटणाशिवाय कसलाच वास येत नव्हता. खड्ड्याभोवती एवढी माणसं उभी, कुणाला येत नव्हता. मी म्हटलं, "तुला कसं कळलं? पोतं अजून आत आहे." त्याचा त्यालाच प्रश्न पडलेला दिसत होता. मग तो पुढे धावला, गरम खड्ड्याच्या कडेला गुडघे टेकले, आणि कुत्र्यासारखं नाक फेंदारून श्वास घ्यायला लागला. "करपलां रे! हंय, ह्या बाजूक! सळी घाल, सळी!"

एका माणसाने त्या बाजूला सळी घातली. फडक्याची चिंधीसुद्धा उरली नव्हती, तार मात्र होती. आमचं हलकं पोतं घसरून थेट निखाऱ्यांवर गेलं होतं. बाहेर काढलं तर आत कोळसे. सुरणाचे, केळ्यांचे, रताळ्यांचे. म्हातारी लांबून बघत होती. मी सांगितलं होतं, असं तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं. पण महाराज सुरणाचा काळा गोळा या हातातून त्या हातात झेलत, नाकाला लावत, हसत होता. भाजलेल्या बोटांची त्याला शुद्ध नव्हती. मी विचारलं, "मटणाचा येतो का?" त्याने वाफेत तोंड घातलं. "नाय." "वेलचीचा?" "नाय. ह्योच येता. करपल्याचोच." मी म्हटलं, "मग काय, आता तुला रोज सगळं करपवून घालायचं?" आणि मी त्याला मिठी मारली. मिठी मारायची सवय नाही मला, त्याचा चष्मा पडला.

अर्बाबने आईला सांगितलं. तिने आमच्या कोळशाचा एक तुकडा स्वतः हुंगला, तोंड वाकडं केलं, आणि मग इतकी हसली की ओढणी तोंडाला लावून खालीच बसली. त्या दिवशी आम्ही दोघांनी नुसता भात, दही आणि खजूर खाल्ले.

बाकीचे वास नंतर आले, एकदम नाही, एकेक करून, आणि काही वाकडेतिकडे होऊन आले. कितीतरी दिवस त्याला कॉफीला टायरचा वास यायचा. कोथिंबीर आली तेव्हा तो मला गॅरेजात सांगायला धावत आला होता. पण हे पुढचं. तेव्हा इब्रीजवळच्या त्या गावात त्याच्याकडे एकच वास होता.

जेवण झाल्यावर तो खजुराच्या सावलीत गेला आणि मालवणला बायकोला फोन लावला. नाक गेल्याचं त्याने तिला सांगितलंच नव्हतं. सातासमुद्रापलीकडे तिच्या जिवाला घोर कशाला, म्हणून. फोन स्पीकरवर होता, त्याची बोटं पोळलेली.

"गो," तो म्हणाला, "माका वास येता."

"कसलो?"

"करपल्याचो."

पलीकडून बायको कळवळून ओरडली, "अवो, मगे आधी गॅस बंद करा!"

"करतंय गो, बंद करतंय," तो म्हणाला, आणि फोन हातात धरून, एवढा मोठा बाप्या, मोठ्याने रडायला लागला.